पहिला शब्द

बाबा पहिल्याच शब्दावर अडले होते.
त्या जुन्या ग्रीक कवितेत म्हणे
देवीला हाक मारायच्याही आधी, कुणाचं नाव घ्यायच्याही आधी
तो शब्द येतो, दारातच उभा राहतो.

क्रोध लिहून पाहिला, कीर्तनातला वाटला.
कोप ग्रामदेवतेचा. संताप पेन्शनच्या खिडकीवरचा.
आणि राग? आमच्या ग्वाल्हेरात
राग म्हटलं की पलीकडे खेरबाईंच्या शिकवणीत
तंबोरा जुळायला लागतो.
मी टाइप करायचे
पहिल्या ओळीत एक जागा सोडून.

हे सगळं श्रीरंग जायच्या आधीचं.

मुरारची वरात. नवरदेवाचा चुलतभाऊ,
परवान्याची बंदूक,
आकाशाकडे धरलेली, जवळजवळ.
पोलिसांच्या कागदावर लिहिलं होतं : हर्ष फायर.
हर्ष.
हा शब्द त्यांना किती चटकन सापडला.

वर्षभर बाबांनी वही उघडली नाही.
मी उघडायचे. शेवटचं पर्व मला ठाऊक होतं :
रात्र, शत्रूची छावणी, आणि म्हातारा राजा
गाडीत सोनं नि उंची वस्त्रं भरून निघालेला,
ज्याने मुलगा मारला त्याच्याकडे
मुलगा मागायला.
मला वाटायचं, असं कुणी करत नाही.

पौषातल्या एका संध्याकाळी बाबांनी मफलर गुंडाळला,
दौलतगंजातून किलोभर गजक घेतली
आणि म्हणाले, चल.
टेम्पोत आम्ही बोललो नाही.
पडावच्या पुलावरून किल्ला धुक्यात होता,
म्हणजे नव्हताच.

दार त्यानेच उघडलं.
पुष्पेंद्र सिकरवार, वय तेवीस, जामिनावर.
मोज्यातून अंगठा बाहेर आलेला.
मला वाटलं होतं, तो मोठा असेल.

बाबूजी, म्हणत तो वाकला.
बाबांनी पाय मागे घेतले,
आणि त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरून
दिव्याखाली उलटा केला,
माझी शाळेची वही तपासायचे तसा
सावकाश तपासला.
मग म्हणाले, तुम्हारे फोन में है न. उस रात का.

देह आम्हाला मिळाला होता
टाके घातलेला, इस्पितळाच्या चादरीत.
बाबांना त्याच्या आधीचा हवा होता.

अकरा सेकंद.
बँड, जनरेटरचा पांढरा दिवा,
श्रीरंग नाचतोय, वाईटच नाचतोय,
खांद्यावर कुणाचा तरी कोट.
कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी ओरडतो,
बँडमध्ये ऐकू येत नाही.
संपतं.
पुन्हा.
पुन्हा.
चौथ्या वेळी तो मुलगा रडायला लागला,
भिंडमधल्या बापासाठी,
जो केस लागल्यापासून याच्याशी बोलत नाही.
बाबाही रडले. एकाच पलंगावर दोघं,
आपापलं.

मग त्याच्या चाचीने पुऱ्या तळल्या.
बाबा जेवले. वर्षात पहिल्यांदाच
लोणचं मागून घेतलं.

मी जेवले नाही.
हेही लिहिलेलं असू दे.

परतताना मी विचारलं, माफ केलंत?
बाबा म्हणाले, कवितेत तह होतो, थोड्या दिवसांचा,
रानातून सरणाची लाकडं आणण्यापुरता.
पुढे परत लढाई.
म्हणजे माफी नाही?
नाही, म्हणाले. लाकडं.

गजकेचा अर्धा डबा चाचीने परत दिला होता.
कीबोर्डात अजून तीळ निघतात.

अनुवाद आता पुरा झालाय,
पहिली ओळ सोडून.
बाबा म्हणतात, ती तू भर.
पलीकडे एक मुलगी रोज त्याच जागेवर चुकते,
खेरबाई तिला पुन्हा षड्जावर आणतात.
मी फोन उघडते, आवाज बंद करते
आणि नुसते त्याचे ओठ बघते,
काय ओरडतोय.

काल वाटलं होतं, पाणी.
आज वाटतंय, ताई.